नव्या कंपन्यांचे भाग आणि त्यांचे मोल

ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी महामार्गासाठी, रेल्वेसाठी अगर औद्योगिक वसाहतीसाठी संपादन झाल्या आणि ज्यांच्या खात्यात मोबदल्याची रक्कम एकदम जमा झाली, त्यांच्या दारी हल्ली नव्या प्रकारचे सल्लागार येऊ लागले आहेत. पूर्वी असा पैसा सोन्यात, लग्नकार्यात, ट्रॅक्टरात, अगर फार झाले तर दुसऱ्या गावच्या जमिनीत जात असे. आता त्यास 'आयपीओ भरा' असे सांगण्यात येते; आणि तेही बहुधा अशा कंपन्यांचे, की ज्या मोबाइलवरून जेवण पोचवितात, पैसे फिरवितात अगर पावडर-कुंकू विकतात, व ज्यांस एकंदरीने तंत्रज्ञानाच्या कंपन्या म्हणतात. ह्या कंपन्यांच्या भागाची किंमत कोण ठरवितो व कशावरून ठरवितो, हा विचार शेतकीच्या मासिकात कित्येकांस अस्थानी वाटेल. परंतु जमीन जाऊन आलेला पैसा ज्या वस्तूत घालावयाचा त्या वस्तूची मोजणी करून घेणे हे शेतकऱ्याचेच काम आहे, असे आम्ही समजतो.

आपल्यापैकी बहुतेकांस 'भाग' म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा अगर गावच्या सोसायटीचा भाग एवढेच ठाऊक. प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून ह्या प्रांती सहकारी भागाची रीत एकच राहिली आहे : दर्शनी किंमत हीच त्याची किंमत, सभासदाने तो परत केला तर साधारणपणे तेवढीच रक्कम मिळावयाची, आणि मत माणशी एक. कारखाना नीट चालला तर त्याचा लाभ उसाच्या दरात येतो, भागाच्या भावात येत नाही. कंपनीचा भाग ह्याहून अगदी निराळा आहे. तेथे दर्शनी किंमत ही सातबाऱ्यावरील आकारासारखी समजावी. उताऱ्यावर आकार दोन रुपये चाळीस पैसे लिहिलेला असतो म्हणून कोणी ती जमीन त्या हिशेबाने विकीत नाही. पेटीएम ह्या नावाने लोकांस माहीत असलेल्या वन नाइन्टी सेव्हन कम्युनिकेशन्स ह्या कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये एक रुपया दर्शनी किमतीचा आपला भाग २,१५० रुपयांस विकला. ह्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र वरचे २,१४९ रुपये कशाबद्दल, हे घेणाऱ्याने विचारावयास हवे होते.

एक काळ असा होता की ह्या प्रश्नाचे उत्तर सरकार देत असे. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली दिल्लीस एक नियंत्रक बसविलेला होता. कंपनीस लोकांत भाग विकावयाचे झाले तर अधिमूल्य किती घ्यावे हे तो ठरवून देई. कंपनीची मालमत्ता देणे वजा जाता किती भरते, आणि मागील काही वर्षांचा सरासरी नफा किती, ह्या दोहोंवरून तो आकडा काढी. आमच्या महसूल खात्यातील मंडळींस ही रीत परकी वाटू नये. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कूळ मालक झाले तेव्हा त्याने द्यावयाची किंमत आकाराच्या वीस पटीहून कमी नाही व दोनशे पटीहून अधिक नाही, अशीच बांधलेली होती. सरकारने बांधलेली किंमत खऱ्या बाजाराहून कमी असते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे त्या वेळी ज्यास नव्या कंपनीचे भाग मिळत त्यास बहुधा नफाच होई, आणि 'आयपीओत पैसा बुडत नाही' ही समजूत तेव्हापासून आजतागायत लोकांच्या मनात घर करून राहिली आहे. परंतु तो कायदा १९९२ साली रद्द झाला. नियंत्रकाची कचेरी बंद झाली. समजूत मात्र राहिली.

आता किंमत विकणारा ठरवितो. त्याच्या मदतीस व्यवस्थापक पेढ्या असतात व त्यांचे वेतन विक्रीच्या रकमेवर मिळते, जसे आडत्याचे मिळते. सेबी ही सरकारने नेमलेली देखरेखीची संस्था कागदपत्रे तपासते, परंतु किंमत रास्त आहे असा दाखला ती देत नाही. किंबहुना आपण कशाचीही हमी घेत नाही असे प्रत्येक माहितीपत्रकात ठळक छापून घेते. पुष्कळ लोकांस वाटते की सेबीची परवानगी म्हणजे तहसीलदाराने केलेले मूल्यांकन. ते तसे नव्हे. फार तर ती दस्तनोंदणी आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदून घेतो, जमीन महाग घेतली की स्वस्त हे तो सांगत नाही.

विक्रीची रीत अशी. आधी एक किंमतपट्टा जाहीर होतो, खालची किंमत व वरची किंमत. विक्री उघडण्याच्या आदल्या दिवशी म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड अशा मोठ्या घेणाऱ्यांस काही हिस्सा दिला जातो; त्यांस सुकाणू गुंतवणूकदार म्हणतात. त्यापूर्वीच कित्येक आठवडे पेढीचे लोक मोठ्या घेणाऱ्यांच्या कचेऱ्यांत जाऊन कोण किती भावाने किती घेईल ह्याचा अंदाज घेत असतात. म्हणजे भाव बहुतांशी तेथेच ठरून गेलेला असतो. नंतर तीन दिवस आपल्यासारख्यांसाठी दार उघडते, आणि लहान अर्जदारास 'कट-ऑफ' ह्या रकान्यात खूण करावयास सांगतात. त्या खुणेचा अर्थ, जो भाव ठरेल तो मला मान्य आहे. आपल्या बाजारपेठांत एके काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. माल शेतकऱ्याचा, आणि भाव त्याखेरीज सर्वांस ठाऊक. ती रीत कायद्याने बंद करून उघडा लिलाव आणावयास किती खटपट पडली हे जुन्या वाचकांस सांगावयास नको. येथे फरक इतकाच की रुमालाबाहेर विकणारा नसून घेणारा उभा असतो. अमेरिकेत गूगल कंपनीने ऑगस्ट २००४ मध्ये उघड्या लिलावासारखी रीत करून पाहिली. तिने प्रथम १०८ ते १३५ डॉलर अशी अपेक्षा धरली होती, पण बोली पाहून तिला ८५ डॉलरांवर यावे लागले. आमचे मते ह्यात विकणाऱ्याची मानहानी काही नव्हती, उलट घेणाऱ्यास आपला भाव सांगता आला. परंतु तो प्रघात पुढे फारसा चालला नाही, आणि का चालला नाही हे पेढ्यांस विचारावे.

आता किंमत कशावरून काढतात ते पाहू. जमिनीची किंमत काढण्याच्या तीन रीती आपण जाणतो. एक, निव्वळ उत्पन्नाची अमुक वर्षांची पट. दुसरी, शेजारच्या जमिनींचे खरेदीव्यवहार. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी घ्यावी असे आहे, ती हीच रीत. आणि तिसरी, जी कोणत्याही नियमात बसत नाही पण सर्वांस माहीत आहे : जमीन आज भातखाचर असली तरी उद्या बिनशेती होईल ह्या आशेची किंमत.

ह्या तिसऱ्या रीतीचा नमुना पाहावयाचा तर मुंबई उपनगर जिल्ह्यातील आमच्या नाहूर गावाकडे पाहावे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. ती भांडुप व मुलुंड ह्यांच्या मधून, म्हणजे नाहूरच्या अंगावरूनच जाते. पण नाहूरास स्टेशन झाले २००६ साली, दीडशेहून अधिक वर्षांनी. एवढा काळ गाडी येथून जात होती आणि थांबत नव्हती. खाडीकडे मिठागरे, डोंगराकडे भात. पुढे कारखाने आले, कारखाने जाऊन मनोरे आले, आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम चालू आहे. ह्या प्रत्येक वेळी जमिनीचा भाव चढला तो स्टेशन झाल्यावर अगर रस्ता झाल्यावर नव्हे, होणार असे कानावर आल्यावर. ज्याने बातमी फुटण्यापूर्वी घेतली त्याने बातमी पिकल्यावर विकली. ज्याने बातमी पिकल्यावर घेतली त्यास स्टेशनाची वाट पाहत बसावे लागले. अशा भावास खोटा म्हणता येत नाही, कारण स्टेशन खरोखरच झाले. पण त्या भावात किती वर्षांची वाट पाहणे घातलेले आहे, हे घेणाऱ्याच्या ध्यानात नसे.

तंत्रज्ञानाच्या कंपनीचे भाग ह्या तिसऱ्या रीतीने विकतात. पहिली रीत तिला लावून पाहिली की आकडे कसे येतात ते पाहा. नायका ह्या नावाने चालणारी कंपनी मुंबईचीच. तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये भाग १,१२५ रुपयांस विकला. त्या भावाने साऱ्या कंपनीची किंमत सुमारे ५३ हजार कोटी रुपये झाली. आदल्या आर्थिक वर्षातील तिचा नफा होता सुमारे ६२ कोटी. म्हणजे साडेआठशे वर्षांचे उत्पन्न एकदम मोजून दिल्यासारखे झाले. तरी नायकास नफा होता. पेटीएमला त्याच वर्षी १,७०१ कोटी रुपये तोटा होता व तिची किंमत सुमारे १ लाख ३९ हजार कोटी धरली होती. तेथे पट काढावयास आकडाच नाही. झोमॅटोने जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांनी भाग विकला, तिलाही आदल्या वर्षी ८१६ कोटी तोटा.

नफा नाही तेथे हे लोक विक्रीची पट धरतात, आणि विक्रीही थोडी असेल तर उलाढालीची. हा भेद आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. आडत्याच्या गाळ्यावरून वर्षास एक कोटीचा कांदा जातो म्हणून आडत्या कोट्यधीश होत नाही. त्याची कमाई त्यावरील आडत, व तीतूनही हमाल, गाळाभाडे, कारकून वजा जाता जे उरेल ते. झोमॅटोवरून २०२०-२१ साली सुमारे ९,४८३ कोटी रुपयांच्या जेवणाच्या मागण्या गेल्या. तिचे स्वतःचे उत्पन्न सुमारे १,९९४ कोटी. जाहिरातीत कोणता आकडा मोठ्या अक्षरात असतो हे सांगावयास नको.

पुढील दहा वर्षांत ग्राहक किती वाढतील, खर्च किती कमी होईल, प्रतिस्पर्धी किती टिकतील, असे अंदाज मांडून व त्यांस आजच्या पैशात उतरवून पेढ्या किंमत काढतात. ह्यास शास्त्र नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु उभ्या पिकाची आणेवारी काढताना प्रत्येक गावी काय भांडणे होतात ती आम्ही नोकरीत पाहिली आहेत. तेथे पीक निदान डोळ्यांपुढे असते. ही तर न पेरलेल्या पिकाची आणेवारी, आणि काढणारा पिकाच्या मालकाचा पगारी.

मुंबईस हा खेळ नवा नाही. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर आपल्या कापसास सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शेकडो कंपन्या निघाल्या. बॅकबेचा समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अद्याप पाण्याखाली होती. १८६५ त अमेरिकेतील युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि कित्येक पेढ्या व खुद्द बँक ऑफ बॉम्बे त्यात गेली. समुद्र पुढे भरला गेला व त्यावर मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती, भाव वेडगळ होता.

असो. आमचा मुख्य मुद्दा किंमत जास्त की कमी हा नाही. ते ठरविणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे व पेढ्यांसही ते साधत नाही हे वरील दाखल्यांवरून दिसतेच. पेटीएमचा भाग पहिल्याच दिवशी, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी, सुमारे सत्तावीस टक्के उतरून १,५६४ वर आला, आणि चार वर्षे उलटली तरी त्याने २,१५० चे तोंड पाहिले नाही. उलट नायका त्याच महिन्यात पहिल्या दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. दोघांच्याही मागे नामांकित पेढ्याच होत्या. आमचा मुद्दा असा, की घेणाऱ्यास एक गोष्ट खात्रीने कळू शकते व तीच तो पाहत नाही. ती म्हणजे हा पैसा जातो कोठे.

जाहीर भागविक्रीत दोन प्रकारचे भाग एकत्र बांधून विकतात. एक नवे काढलेले. त्यांचा पैसा कंपनीच्या तिजोरीत जातो व धंद्यास लागतो. दुसरे जुन्या मालकांच्या हातातले. त्यांचा पैसा त्या मालकांच्या घरी जातो, कंपनीस त्यातील पैसुद्धा मिळत नाही. इंग्रजीत ह्या दुसऱ्यास 'ऑफर फॉर सेल' म्हणतात. विहीर खणण्यासाठी भागीदार घेणे निराळे, आणि विहिरीतला आपला वाटा विकून गाव सोडून जाणे निराळे. पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी जुन्या मालकांकडे गेले, ८,३०० कोटी धंद्यात आले. नायकाच्या ५,३५२ कोटींपैकी धंद्यात आले फक्त ६३० कोटी. झोमॅटोच्या ९,३७५ कोटींपैकी ९,००० कोटी धंद्यात आले, जुन्यांनी घेतले ३७५ कोटी. पुण्याच्या फर्स्टक्राय कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे ४,१९४ कोटींची विक्री केली, त्यात नवे भाग १,६६६ कोटींचे.

जुना मालक विकतो म्हणजे लबाडीच करतो असे मुळीच नाही. ज्याने धंदा उभा राहावयाच्या आधी धोका पत्करला त्याने फळ घेणे न्याय्य आहे. परंतु ज्यास वाडी सर्वांत अधिक माहीत तो ती विकीत असता, आपण पहिल्या ओळीत उभे राहून ती का घेतो, ह्याचे उत्तर घेणाऱ्यापाशी असावे. शिवाय विकणाऱ्यास तो भाग सरासरी काय पडला, हे माहितीपत्रकात लिहावेच लागते. ज्यास एखादा भाग शंभरास पडला तो हजारास विकीत आहे, हे कळल्यावर घेऊ नये असे नाही, पण खरेदीखतातील मागील किंमत न पाहता कोणी शेत घेतो काय? २०२२ साली सेबीने आणखी एक चांगला नियम केला : विक्रीपूर्वीच्या काळात कंपनीचे भाग खाजगीत कोणत्या भावाने दिले-घेतले गेले ते दाखवून आताची किंमत त्याच्याशी ताडून द्यावी. ही आपली शेजारच्या खरेदीखतांचीच रीत. पेटीएमनंतर हे सुचले. उशिरा का होईना, सुचले.

कायद्यातच आणखी एक इशारा लिहून ठेवला आहे व त्याकडे कोणाचे लक्ष नाही. मागील वर्षांच्या नफ्याच्या कसोटीस जी कंपनी उतरत नाही, तिने किमान ७५ टक्के भाग मोठ्या संस्थांसच दिले पाहिजेत, आणि लहान अर्जदारांस १० टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. नफ्याच्या कंपनीत हाच वाटा किमान ३५ टक्के असतो. म्हणजे सरकारने लहान माणसाचे ताट मुद्दाम लहान केले आहे. गंमत अशी, की वाटा लहान असल्यामुळे अर्जांची गर्दी मोठी दिसते, 'इतक्या पट भरला' अशा बातम्या येतात, आणि त्या बातम्या वाचून आणखी लोक अर्ज करतात. इशाऱ्याचीच जाहिरात होते. विक्रीपूर्वी तोंडी सौद्याचा जो एक भाव फिरत असतो, ज्यास 'ग्रे मार्केट' म्हणतात, त्यास तर कोणत्याही कचेरीचा आधार नाही. त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. झोमॅटोचा भाग जुलै २०२२ मध्ये, जुन्या मालकांवरील एक वर्षाची विक्रीबंदी उठताच, ४१ रुपयांच्या आसपास आला. त्या वेळी ज्यांनी कपाळास हात लावला त्यांनीच डिसेंबर २०२४ मध्ये तो तीनशेवर पाहिला. १९८१ साली पुण्यास सुरू झालेल्या इन्फोसिसने फेब्रुवारी १९९३ मध्ये भाग ९५ रुपयांस देऊ केला, तेव्हा लोकांनी तो पुरता उचललाही नाही. जूनमध्ये तो बाजारात १४५ वर उघडला व पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र इन्फोसिस तेव्हा बारा वर्षे चाललेला व नफ्याचा धंदा होता. म्हणून तंत्रज्ञानाच्या कंपन्यांस पाठ फिरवावी असे आमचे म्हणणे नाही. पहिल्या दिवशीच घेतले पाहिजे ही घाई कशाला, एवढेच. चांगली कंपनी वर्षानेही बाजारात असतेच. तेव्हा तिचे चार तिमाहींचे हिशेब समोर असतात आणि जुने मालक विकून मोकळे झालेले असतात. मोबदल्याचा पैसा तर एकदाच येतो. जमीन दुसऱ्यांदा संपादन होत नाही.

शेवटी ज्याबद्दल आम्हास खरोखर खंत वाटते ते सांगतो. माहितीपत्रक शेकडो पानांचे व इंग्रजीत असते. ज्या प्रांती कंपनीची नोंदणीकृत कचेरी आहे तेथील भाषेच्या एका वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी असा नियम आहे. म्हणजे कचेरी मुंबई-पुण्यास असेल तर मराठीत जाहिरात छापली जाते, दिल्लीस असेल तर तेवढीही नाही. २०२४ साली सेबीने विक्रीची ठळक माहिती चित्रफितीच्या रूपाने द्यावी असे ठरविले, ती इंग्रजीत व हिंदीत. अर्ज मात्र आपल्या तालुक्यातून मोबाइलवर दोन मिनिटांत होतो. सातबारा, आठ-अ, फेरफार हे सारे मराठीत असूनही शेतकरी फसतो. येथे तर उताराच परभाषेत.

आपल्या संघाने ह्या बाबतीत ठराव करावा असे आम्ही सुचवितो. मागणी मोठी नाही. एक पान, मराठीत, प्रत्येक जाहीर विक्रीच्या वेळी : एकंदर रकमेपैकी किती कंपनीस व किती जुन्या मालकांस, प्रत्येक विकणाऱ्यास भाग सरासरी काय पडला, मागील तीन वर्षांचा नफा अगर तोटा, आणि ह्या भावाने कंपनीची एकंदर किंमत किती होते. हे सारे आकडे माहितीपत्रकात आजही आहेतच, नवीन काही काढावयाचे नाही. सेबी नियम बदलण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागविते, आणि त्या पाठविण्यास वकील लागत नाही. तिची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून देण्यास तयार आहो. तो पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.